साठीनंतरचं पुरळ: दुर्मीळ दाहक आजारांच्या खुणा घरच्यांनी कशा ओळखाव्यात

घरातल्या वयस्कर माणसाला खाज सुटली की कारणं तयारच असतात. उष्णता झाली असेल, पित्त उठलं असेल, काहीतरी बाधलं असेल, वयच झालंय. बऱ्याचदा त्यात तथ्यही असतं. साठीनंतर त्वचा कोरडी पडते, त्यात कढत पाण्याची आंघोळ आणि घसघशीत साबण, मग खाजणारच. पण थोड्या लोकांच्या बाबतीत अंगावर दिसतं ते आत चाललेल्या मोठ्या बिघाडाचं असतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते आणि तिची पहिली खूण त्वचेवर उमटलेली असते.

हे आजार दुर्मीळ आहेत, म्हणून निदान लांबतं असं सगळे म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. त्वचारोगाच्या ओपीडीत असे रुग्ण येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत मेडिकलमधून आणलेल्या तीन-चार अर्धवट ट्यूब असतात आणि अंगावर मूळ खूण जवळजवळ पुसलेली असते. नीट पाहण्याआधी मलम लागतं, ही खरी अडचण आहे. म्हणून हा लेख घरच्यांसाठी आणि गावातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी लिहितो आहे. निदान तुम्ही करायचं नाही. काय पाहायचं, ते कसं टिपून ठेवायचं आणि कुणाकडे किती घाईने जायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

पहिली पायरी: उजेडात, अंगभर पाहा

आजोबा हात पुढे करतात आणि आपण फक्त हात बघतो. लुगडं-पातळ नेसणारी आजी तर मांडी, पोट दाखवायला संकोचते. तिला मुलीने किंवा सुनेने दार लावून, खिडकीच्या उजेडात, सावकाश पाहावं. ट्यूबलाइटखाली सावळ्या कातडीवरची लाली दिसतच नाही. आपल्याकडे दाह झालेली त्वचा लालभडक होईलच असं नाही. ती जांभळट, काळपट किंवा करड्या झाकेची होते. म्हणून रंगाइतकाच हाताच्या स्पर्शावर भरवसा ठेवा. चट्टा गरम लागतो का, उचललेला आहे का, दाबल्यावर दुखतो का?

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: टाळू, पापण्या, कान, तोंडाचं आतलं अस्तर, बोटांची पेरं, नखांची मुळं, काखा, पोट, मांड्यांची आतली बाजू, नडग्या, तळवे. यातल्या निम्म्या जागा एरवी कुणी बघत नाही.

काचेचा साधा पेला जवळ ठेवा. डागावर तो हलका दाबून आरपार पाहा. दाबल्यावर डाग फिका पडला तर रक्त अजून वाहिन्यांतच आहे. तसाच राहिला तर ते वाहिनीबाहेर आलं आहे. हातांवर, कोपराखाली, जरा लागलं की उमटणारे सपाट जांभळे डाग म्हाताऱ्या, पातळ कातडीत नेहमीचे असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. ते घाबरण्यासारखे नाहीत. मात्र नडग्यांवर बोटाला उंचवटा जाणवेल असे डाग, दाबून न जाणारे, हे रक्तवाहिन्यांच्या दाहाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी लघवीची तपासणी आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) त्याच आठवड्यात करून घ्या, कारण मूत्रपिंडातला दाह दुखत नाही.

दुसरी पायरी: तारखा आणि गोळ्या

फोनवर फोटो काढा. एक लांबून, एक जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. रोज त्याच जागेचा काढला तर उत्तम. चोवीस तासांत जागा बदलणाऱ्या गांधी आणि तीन दिवस तिथेच बसून राहणारा चट्टा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फक्त फोटोच सांगतात. पेशंटला दहा मिनिटांच्या तपासणीत हे आठवत नाही.

मग गोळ्या. नुसती यादी नको, स्ट्रिप्सच घेऊन जा, कारण नावं चुकतात आणि एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. प्रत्येक गोळी कोणत्या महिन्यात सुरू झाली तेही लिहा. मधुमेहाच्या गोळीकडे विशेष लक्ष द्या. ते का, ते पुढे येतंच.

आधी खाज, मग फोड

वयस्करांमध्ये मी सर्वांत आधी ज्याचा विचार करतो तो आजार म्हणजे बुलस पेम्फिगॉइड. सत्तरीच्या पुढे तो जास्त दिसतो. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणारी काही प्रथिनं असतात, त्यांच्याविरुद्धच शरीर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. दोन थर सुटतात, मध्ये पाणी भरतं आणि फोड येतो. फोड चांगला टणक, घट्ट भरलेला, सहज न फुटणारा. मांड्यांची आतली बाजू, पोट, हातांची आतली बाजू या त्याच्या आवडत्या जागा.

घोळ होतो तो फोडांच्या आधीच्या काळात. कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने, नुसती खाज असते. रात्र रात्र झोप नाही. अंगावर इसबासारखे चट्टे किंवा न हलणाऱ्या गांधी दिसतात, किंवा ओरखड्यांशिवाय काहीच दिसत नाही. या काळात ‘अॅलर्जी’ म्हणून गोळ्या चालतात. माझा नियम साधा आहे: सत्तरीपुढच्या माणसाला सहा आठवड्यांहून जास्त खाज असेल, खोबरेल किंवा मॉइश्चरायझर नियमित लावूनही थांबत नसेल, तर पेम्फिगॉइड नाही हे तपासून पाहायचं. त्याआधी खरूज मात्र वगळायची. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीभोवती पुरळ आहे का आणि घरात आणखी कुणी खाजवतंय का, हे विचारा. म्हाताऱ्यांची खरूज हुबेहूब पेम्फिगॉइडसारखी दिसू शकते.

आता मधुमेहाच्या गोळीचं. ग्लिप्टिन गटातली औषधं, विशेषतः विल्डाग्लिप्टिन, आणि हा आजार यांचा संबंध अनेक देशांतल्या नोंदींतून दिसून आला आहे. २०१९च्या अखेरीस विल्डाग्लिप्टिनचं पेटंट संपलं आणि आपल्याकडे ती गोळी एकदम स्वस्त झाली, बऱ्याचदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत. गोळी सुरू होऊन वर्ष उलटल्यावरही आजार उद्भवू शकतो, म्हणून ‘ती तर आधीपासूनच चालू आहे’ या उत्तरावर थांबू नका. पण गोळी स्वतःहून बंदही करू नका. मधुमेहाच्या डॉक्टरांना फोटो दाखवा. ते दुसरी देतील. पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांत हा आजार जास्त आढळतो. असे रुग्ण खाज सांगूही शकत नाहीत. चादरीवरचे पाण्याचे, रक्ताचे डाग हीच त्यांची तक्रार समजा.

फोड दिसला की आपल्याकडे पहिला शब्द येतो नागीण. गेरू लावला जातो, कुणी उतरवून देणारा शोधला जातो, आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळेल या भीतीने घर हवालदिल होतं. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी येते आणि आधी आग होते, ठणकते. दोन्ही बाजूंना आलेले, खाजणारे, टणक फोड नागिणीचे असण्याची शक्यता फार कमी. आणखी एक भाऊबंद म्हणजे पेम्फिगस. भारतात पेम्फिगॉइडपेक्षा तो जास्त दिसतो आणि तुलनेने लवकरच्या वयात येतो. त्याचे फोड लिबलिबीत, लगेच फुटणारे, आणि सुरुवात बहुधा तोंडातल्या न भरणाऱ्या जखमांनी होते. त्याला उशीर चालत नाही.

फोडांची घरची काळजी: मोठा, ताणलेला फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी जाऊ द्यावं, पण वरची कातडी कापून काढू नये. तीच सर्वांत चांगली पट्टी असते. हे काम शक्यतो नर्सकडून शिकून घ्या. उघड्या जखमेला कापूस चिकटतो. न चिकटणारं ड्रेसिंग वापरा. मुंबईच्या सायन रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांसाठी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांचं ड्रेसिंग वापरलं गेलं आणि ते निघताना दुखत नाही म्हणून नावाजलं गेलं. सालं निघालेल्या रुग्णांना आडवं ठेवायलाही अशी पानं कामी येतात. पण परसातून तोडून आणलेलं पान थेट जखमेवर ठेवू नका.

पापण्या, पेरं आणि उठताना लागणारा हात

डर्मॅटोमायोसायटिस हा स्नायू आणि त्वचा दोन्ही धरणारा आजार. वरच्या पापण्यांवर जांभळट झाक येते, कधी सूजही. सावळ्या चेहऱ्यावर ती ‘डोळ्यांखाली काळं आलंय’ म्हणून सोडून दिली जाते. फरक जागेचा आहे: जागरणाची काळी वर्तुळं डोळ्यांखाली असतात, ही झाक वरच्या पापणीवर. हातांच्या पेरांवर, बरोबर सांध्यांच्या उंचवट्यांवर, जांभळट खपलीदार उंचवटे येतात. ल्युपस या प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या आजारात याच्या उलट, पुरळ दोन सांध्यांच्या मधल्या भागावर येतं. छातीच्या वर इंग्रजी व्हीच्या आकाराचा काळपट पट्टा, पाठीवर शाल पांघरल्यासारखा पट्टा, मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला चट्टे. टाळूला असह्य खाज, आणि ती कोंडा म्हणून शाम्पूवर निभावलेली.

नखांची मुळं मात्र प्रत्येकाने पाहावीत, कारण ते घरी जमतं. नखाच्या बुडाशी, जिथे कातडी नखावर येते, तिथे खोबरेल तेलाचा एक थेंब ठेवा. दुसऱ्या कुणाला फोनचा टॉर्च तिरका धरायला सांगा आणि आपल्या फोनचा कॅमेरा जवळ नेऊन झूम करा. निरोगी बोटावर फारसं काही दिसत नाही. या आजारात कातडीची कडा कुरतडल्यासारखी, जाड आणि ओबडधोबड झालेली असते आणि तिच्यात लाल, फुगलेल्या, वेड्यावाकड्या केशवाहिन्यांचे बारीक ठिपके-रेघा दिसतात. करंगळीशेजारचं बोट आधी पाहा. तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं. असा फोटो तुम्ही डॉक्टरांसमोर ठेवलात तर तपासणी योग्य दिशेने वळायला वेळ लागत नाही.

सोबत ताकद तपासा. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का? भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना नळ धरावा लागतो का? एसटीची पायरी चढताना मागून कुणाला आधार द्यावा लागतो का? केस विंचरताना हात मध्येच खाली येतो का? गिळताना ठसका लागतो का? इथे दुखण्यापेक्षा ताकद कमी पडते. कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही स्नायू दुखतात, त्यामुळे तीच कारण मानून वेळ जातो. पण त्या गोळीने पापण्या जांभळ्या होत नाहीत. सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी साधी रक्ततपासणी आधी करावी. ती नॉर्मल आली तरी त्वचेच्या खुणा खोट्या ठरत नाहीत, कारण काहींच्या स्नायूंना कधीच झळ पोचत नाही.

या आजाराकडे वयस्करांमध्ये इतकं लक्ष का द्यायचं, ते सरळ सांगतो. प्रौढ रुग्णांपैकी साधारण १५ ते ३० टक्के जणांत त्याच्यासोबत कुठेतरी कर्करोग आढळतो. वय जास्त तसा धोका जास्त, आणि निदानानंतरची पहिली तीन वर्षं सर्वांत महत्त्वाची. फुफ्फुस, स्तन, अंडाशय, पोट, आतडी, नाक-घशाचा मागचा भाग, सगळं तपासावं लागतं. टीआयएफ-१-गॅमा नावाचं प्रतिपिंड सापडलं तर शोध जास्त कसून करायचा. घरच्यांना हे ऐकून धस्स होतं, पण पुरळामुळे गाठ लवकर सापडण्याची ही संधी असते. एकदा तपासून सगळं साफ निघालं म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नका.

कान लाल, ताप आणि न वाढणारं हिमोग्लोबिन

२०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका नव्या आजाराचं वर्णन केलं: व्हेक्सास. पहिल्या २५ रुग्णांतले सगळे पुरुष होते. यूबीए-१ या जनुकात बिघाड होतो, तोही जन्मतः नाही, उतारवयात अस्थिमज्जेच्या, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या मगजाच्या पेशींत. म्हणून तो मुलांना वारशाने जात नाही. हे मुलांना आवर्जून सांगावं लागतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषांकडे ते एकच, म्हणून पन्नाशीपुढचे पुरुषच बहुतेक सापडतात. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका मोठ्या रुग्णसमूहात पन्नाशीपुढच्या सुमारे ४,२७० पुरुषांमागे एकात हा बिघाड सापडला. म्हणजे तो वाटला होता तितका विरळा नाही.

दिसतं काय? अंगावर दुखरे, सुजलेले, पाण्याने भरल्यासारखे वाटणारे पण दाबल्यावर घट्ट लागणारे चट्टे. अशा चट्ट्यांचं वर्णन १९६४ साली इंग्लंडमधल्या प्लिमथचे डॉक्टर रॉबर्ट डग्लस स्वीट यांनी आठ स्त्रियांमध्ये केलं होतं. म्हणून त्यांना स्वीट सिंड्रोम म्हणतात. व्हेक्सासमध्ये त्यांच्यासोबत वारंवार ताप, कानाचा किंवा नाकाचा सुजलेला कूर्चा (आतलं लवचीक, मऊ हाड), पायाच्या शिरेत गुठळी, धाप आणि रक्तक्षय असतो.

कानाकडे जरा थांबून पाहा. कूर्चा सुजला असेल तर कान वरून लाल-जांभळा आणि दुखरा होतो, पण खालची मऊ पाळी सुटते, कारण पाळीत कूर्चा नसतोच. पाळीच जाड, गाठाळ झाली असेल तर आपल्याकडे कुष्ठरोगाचा विचार आधी करायचा. कुष्ठरोगात उपचार चालू असताना ताप आणि दुखऱ्या गाठींची जी प्रतिक्रिया येते, तीही स्वीटसारखी दिसते. महाराष्ट्रात हा मुद्दा पुस्तकापुरता नाही. बधिर चट्टे आहेत का, कोपराजवळची नस जाड लागते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा शोधा. तो १००च्या वर असेल तर शाकाहारी घरात पहिला संशय बी-१२च्या कमतरतेचा, आणि तो रास्तच आहे. पण बी-१२ची इंजेक्शनं पूर्ण होऊनही एमसीव्ही वरच राहिला, हिमोग्लोबिन वाढेना आणि ताप-चट्टे चालूच राहिले, तर रक्तविकारतज्ज्ञाला गाठा. अस्थिमज्जा आणि यूबीए-१ची जनुकीय चाचणी यावर निदान ठरतं.

जखम जी साफ केल्यावर वाढते

पायावर मुंगी चावल्याएवढा फोड. चार दिवसांत रुपयाएवढा व्रण. कडा जांभळी, आतून पोखरलेली, आणि दुखणं जखमेच्या मानाने भलतंच. सर्जन मेलेलं मांस काढतात आणि आठवड्याभरात जखम दुप्पट. हा पायोडर्मा गँग्रेनोसम असू शकतो. नावात गँगरीन असलं तरी तो जंतुसंसर्ग नाही. त्यात त्वचेला झालेली इजा नवा व्रण उघडू शकते, अगदी इंजेक्शनची टोचही. म्हणून प्रत्येक वेळी साफ केल्यावर वाढणारी जखम पुन्हा साफ करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाचं मत घ्या. घाईने स्टेरॉइडही नको. क्षय, बुरशी आणि मधुमेहाची जखम वगळण्यासाठी कडेचा तुकडा तपासावा लागतो. आतड्याचा दाह, संधिवात, रक्तविकार यांच्याशी या आजाराचं नातं आहे. सतत पोट बिघडतं का, शौचातून रक्त जातं का, हे विचारायला विसरू नका.

फार न खाजणाऱ्या, वर्षानुवर्षं उठणाऱ्या गांधी, अधूनमधून ताप, हाडं दुखणं: हा श्निट्झलर सिंड्रोम असू शकतो. रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी त्याचा धागा देते. इतकंच पुरे, तो खरंच फार दुर्मीळ आहे.

त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, तो केव्हा

पन्नाशीनंतर कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी, फणी फिरवताना टाळू हुळहुळा, चावताना जबडा भरून येणं, कानशिलावरची शीर जाड आणि दुखरी, क्वचित टाळूवर काळी पडलेली कातडी. ही जायंट सेल आर्टरायटिसची, म्हणजे डोक्याकडे जाणाऱ्या धमन्यांच्या दाहाची लक्षणं. भारतात तो कमी दिसतो, म्हणूनच मनात येत नाही. यात दृष्टी अचानक आणि कायमची जाऊ शकते. क्षणभर अंधारी आली किंवा एकाचं दोन दिसलं तर रात्र असली तरी निघा. इथे बायोप्सीची वाट पाहत नाहीत, स्टेरॉइड आधी सुरू करतात.

नव्या गोळीनंतर ताप, तोंडात-डोळ्यांत जखमा आणि कातडी सुटणं, पुरळासोबत वाढती धाप, गिळता न येणं, झपाट्याने काळे पडणारे दुखरे डाग, यांनाही हाच नियम.

मलम, बायोप्सी आणि स्टेरॉइड

तपासणीआधी स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब लावू नका. ती नायट्याचं, खरजेचं, पेम्फिगॉइडचं, सगळ्यांचं रूप बदलून टाकते. पेम्फिगॉइडमध्ये क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड मलम हा खरोखरच मान्य उपचार आहे, पण तो मोजून, ठरलेल्या काळासाठी आणि निदान झाल्यावर. तोवर साधं पेट्रोलियम जेली पुरतं.

बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेणं. फोडांच्या आजारात दोन तुकडे लागतात. एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मलिनमध्ये. दुसरा फोडाशेजारच्या धड दिसणाऱ्या कातडीचा, इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (त्वचेत बसलेली प्रतिपिंडं दाखवणारी चाचणी), आणि तो फॉर्मलिनमध्ये घालायचाच नाही. सलाइनमध्ये किंवा मिशेल द्रावणात पाठवायचा. तालुक्याच्या ठिकाणी दोन्ही तुकडे एकाच बाटलीत गेले की दुसरी चाचणी वाया जाते आणि म्हाताऱ्या माणसाला पुन्हा टोचावं लागतं. ‘दुसरी बाटली सलाइनची आहे ना?’ एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीची डॉक्टरांना आधी कल्पना द्या. ती आपल्या मनाने बंद करू नका.

पोटात घ्यायचं स्टेरॉइड सुरू होण्याआधी छातीचा एक्स-रे, साखर, रक्तदाब, हेपॅटायटिस बीची तपासणी आणि घरात कुणाला क्षय झाला होता का, हे पाहून घ्या. सुरू झाल्यावर साखर घरीच मोजा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारा, आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम थांबवू नका. आठवडे चाललेलं स्टेरॉइड अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

एवढं करूनही पहिला रिपोर्ट ‘साधा दाह’ म्हणून येऊ शकतो. तेव्हा फाइल बंद करू नका. प्रयोगशाळेकडे बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा जपून ठेवलेला असतो; तो किंवा स्लाइड मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येते. पुरळ बदललं, नवा फोड आला, ताप सुरू झाला, तर ताज्या जागेची बायोप्सी पुन्हा करायला सांगा आणि सुरुवातीपासूनचे फोटो तारखेच्या क्रमाने सोबत न्या.